दंतार्बुद, कर्करोग आणि चुकलेला नेम

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीचा वरचा कायमचा सुळा अद्याप आलेला नाही आणि त्या जागचा दुधाचा सुळा अजून हललेलाही नाही. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून अहवालात ‘कंपाउंड ओडोन्टोमा’ असे लिहिले. घरातील एका वडीलधाऱ्यांनी त्याचे मराठी ‘दंतार्बुद’ असे सांगितले, दुसऱ्यांनी ‘अर्बुद म्हणजे कॅन्सर’ अशी पुस्ती जोडली, आणि त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. भगिनी विचारतात: अर्बुद म्हणजे कर्करोगच का? नसेल, तर ओडोन्टोमासाठी चांगला मराठी शब्द कोणता? आणि ओडोन्टोमा ‘झाला’ म्हणावे की ‘झाली’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते इतक्या वेळा द्यावे लागते की आता त्याचा वैताग येतो. ‘सौम्य कॅन्सर’ असा शब्दप्रयोग मी गेल्या काही वर्षांत शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. तो ‘शाकाहारी मटण’ म्हणण्याइतकाच अर्थपूर्ण आहे. गाठ सौम्य असेल तर तो कर्करोग नव्हे, आणि कर्करोग असेल तर ती गाठ सौम्य नव्हे. ‘ट्यूमर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ केवळ सूज, फुगवटा एवढाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन वैद्यकलेखकाने दाहाची जी चार लक्षणे सांगितली, त्यांतील एक ‘ट्यूमर’ आहे. म्हणजे त्या हिशेबाने गुडघा सुजला तरी ट्यूमरच.

अर्बुदाचेही तसेच. ऋग्वेदात अर्बुद हा इंद्राने पायाखाली तुडवलेला शत्रू आहे, राजस्थानातील अबूचा पहाड हा अर्बुदाचल आहे, आणि भास्कराचार्यांच्या संख्यामालिकेत अर्बुद म्हणजे दहा कोटी. सुश्रुताने निदानस्थानात दिलेली व्याख्या या सर्वांहून आपल्या कामाची आहे: गोल, स्थिर, मंद वेदनेची, मोठी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी अशी मांसाची वाढ म्हणजे अर्बुद. त्याने त्याचे सहा प्रकार केले आणि त्यांतील रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य मानले. सहांतील दोन असाध्य सांगायचे असतील, तर ‘अर्बुद’ या नावातच असाध्यता नाही, हे उघड आहे. मराठी विश्वकोशातही अर्बुद हा शब्द साध्या आणि मारक अशा दोन्ही गाठींसाठी योजलेला आहे. वडीलधाऱ्यांनी कोश उघडला असेल, तर तो पुरता वाचला नाही, एवढेच मी म्हणेन.

मात्र ‘दंतार्बुद’ या शब्दावर माझा निराळा आक्षेप आहे. सुश्रुताचे अर्बुद ‘मांसोपचय’ आहे. ओडोन्टोमा मांसाची नसते. ती दाताच्याच द्रव्याची असते: एनॅमल (बाहेरचे कठीण कवच), डेंटिन (त्याखालचा थर), सिमेंट (मुळावरचे आवरण), मधोमध थोडा मगज. जबड्याच्या हाडात, हिरडीखाली, दात घडवणाऱ्या पेशी जे काम एरवी करतात तेच काम करतात. फक्त नको तिथे आणि नको तितके. त्यामुळे जुना शब्द नव्या वस्तूवर चढवून आपण भीती तेवढी आयात केली, अर्थ मागेच राहिला. ज्या परिभाषाकारांना प्रत्येक परकी संज्ञेला संस्कृत समास चिकटवल्याखेरीज चैन पडत नाही, त्यांनी कधीतरी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून तो समास आईबापांना वाचून दाखवावा.

परक्या संज्ञेत तरी घाबरण्यासारखे काय आहे? शेवटचे ‘ओमा’ ऐकून लोक दचकतात. ग्रीकमध्ये हा प्रत्यय क्रियेतून निष्पन्न झालेली वस्तू दाखवतो. ‘डिप्लोमा’ म्हणजे दुमडून तयार झालेला कागद. पदविका मिळाली म्हणून आजवर कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या, आणि यांपैकी एकही गाठ नाही. ओडोन्टोमा हे नाव १८६७ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने रूढ केले. मेंदूतील वाणीचे केंद्र दाखवून देणारा ब्रोका तो हाच, म्हणून भाषेच्या माणसांनी त्याचे ऋण दुहेरी मानावे. ब्रोकाच्या लेखी दात घडवणाऱ्या ऊतींची कोणतीही गाठ ओडोन्टोमाच होती. पुढे अर्थ आकुंचित होत आजच्या वस्तूपुरता उरला.

पहिल्या भागातील ‘ओडोन्त’ म्हणजे आपला ‘दंत’च, फक्त ग्रीक वेषात. येथे मी आपल्या व्याकरणपरंपरेशी भांडणार आहे. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी संस्कृत उणादिसूत्रे ‘दंत’ शब्द ‘दम्’ धातूपासून साधतात, म्हणजे दात हा दमन करणारा ठरतो. हे पटत नाही. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे असणे, त्याचे वर्तमानकालवाचक विशेषण ‘सन्त्’. आरंभीचा अकार गळतो. त्याच न्यायाने ‘अद्’ म्हणजे खाणे, त्यापासून ‘दन्त्’: खाणारा. ग्रीकच्या एका बोलीत दातांना ‘एडोन्तेस’ म्हणतात आणि तेथे तो गळलेला स्वर शाबूत आहे, हा पुरावा मला पुरेसा वाटतो. म्हणजे ‘संत’ आणि ‘दंत’ हे एकाच साच्यातून निघालेले शब्द आहेत, एक असणारा आणि दुसरा खाणारा. ‘अन्न’ही त्याच ‘अद्’चे. उणादिकारांचे पांडित्य वादातीत आहे, पण दाताने दमन होते असे म्हणण्यापूर्वी त्यांनी एकदा जेवून पाहायला हवे होते.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो, कारण या विषयातील रत्न ओडोन्टोमा हा शब्द नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ओडोन्टोमा सौम्य दंतजनक गाठींच्या यादीत असली, तरी बहुतेक विकृतिवैज्ञानिक (पॅथॉलॉजिस्ट) तिला खरी नववाढ, म्हणजे आपल्याआप वाढतच जाणारी गाठ, मानत नाहीत. ते तिला ‘हॅमार्टोमा’ म्हणतात, म्हणजे त्या जागच्याच ऊतींची, चुकलेल्या मांडणीची आणि ठरावीक मर्यादेनंतर थांबणारी वाढ. हा शब्द १९०४ साली ऑयगेन आल्ब्रेख्त या जर्मन वैद्याने घडवला, आणि त्याने तो घेतला ‘हमार्तिया’वरून. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा शब्द ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातून ठाऊक असतो: शोकनाट्याचा नायक ज्यामुळे कोसळतो, ती हमार्तिया. आपल्याकडे वर्गावर्गांतून याचे भाषांतर ‘नायकाचा चारित्र्यदोष’ असे शिकवले जाते, आणि ते चुकीचे आहे, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवतो. ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा होमरच्या काळचा अर्थ ‘भाला किंवा बाण लक्ष्यावर न लागणे’ असा आहे. दोष नाही, नेम चुकला. बायबलच्या नव्या करारात हाच शब्द ‘पाप’ या अर्थाला पोहोचला, ही पुढची कथा.

आता अमरकोश उघडावा. ज्या धनुर्धराचा बाण लक्ष्यावरून ढळतो त्याला तेथे ‘अपराद्धपृषत्क’ म्हटले आहे. ‘अपराध’ हा शब्द त्याच कुळातला आहे. म्हणजे संस्कृतातही अपराध हा आधी चुकलेला बाण होता आणि मग गुन्हा झाला. मराठीने तर हे सर्व एका क्रियापदात साठवून ठेवले आहे. नेम चुकतो, गणित चुकते, वाट चुकते, गाडी चुकते, आणि संध्याकाळी कळपातून एखादी गाय चुकते. तिला आपण चुकार गाय म्हणतो, आणि तसे म्हणताना तिच्यावर कोणताही आरोप करत नाही. अथेन्स, उज्जैन आणि पैठण येथल्या माणसांनी परस्परांना न विचारता एकच रूपक निवडावे, याचे मला अनेक वर्षे नवल वाटत आले आहे.

म्हणून माझा शब्द: ‘चुकार दातांची गाठ’. लांब आहे हे मान्य, पण त्यात वस्तू दिसते, आणि भगिनींच्या मनात जो न लिहिलेला प्रश्न असणार (मुलीला चॉकलेट जास्त दिली का, ब्रश नीट केला नाही का) त्याचेही उत्तर त्यातच आहे. या गाठीचा किडण्याशी संबंध नाही. ज्या छोट्या दातसदृश तुकड्यांनी ती भरलेली असते, त्यांना मी घरगुती वळणाने ‘दातुल्या’ म्हणतो. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून असे २३२ तुकडे काढले गेले, आणि २०१९ साली चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात ७ वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून ५२६. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा सरसकट ‘दात’ छापले. दात म्हणजे ज्याने चावता येते ते. हे चावणारे नव्हेत. (५२६ची बातमी वाचून मला दहा कोटींचे अर्बुद आठवले, आणि क्षणभर ‘दंतार्बुद’ हा शब्द क्षम्य वाटला. क्षणभरच.)

‘कंपाउंड’ या विशेषणानेही गोंधळ होतो, आणि त्याचा जोडीदार ‘कॉम्प्लेक्स’ तर नाहक बदनाम आहे. ‘कॉम्प्लेक्स निघाले’ असे रडत सांगणारे पालक मी पाहिले आहेत, जणू प्रकरण गुंतागुंतीचे झाले. येथे कॉम्प्लेक्सचा अर्थ गुंफलेले, एकात एक मिसळलेले असा आहे. कंपाउंड गाठ म्हणजे पानात वाढलेले जेवण: भात, वरण, कोशिंबीर आपापल्या जागी, त्याप्रमाणे प्रत्येक दातुलीत एनॅमल, डेंटिन आपापल्या थरात. कॉम्प्लेक्स म्हणजे काला: द्रव्ये तीच, आकार नाही. पहिली बहुधा वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात आढळते, दुसरी खालच्या जबड्यात मागे, दाढांपाशी. सुळ्याच्या जागी कंपाउंड निघावी, हे म्हणूनच अगदी पुस्तकातल्यासारखे आहे.

ओळखही बहुतेकदा याच वाटेने होते. दुखत नाही, क्वचितच सूज दिसते. दुधाचा दात पडत नाही, कायमचा येत नाही, म्हणून वयाच्या दुसऱ्या दशकात कोणीतरी एक्स-रे काढतो आणि हाडात पांढऱ्या दातुल्यांचा झुबका, भोवती एक बारीक काळी कड, असे चित्र दिसते. ती काळी कड म्हणजे गाठीचे मऊ आवरण. गाठ नेमकी कोणत्या मुळाला किंवा नसेला टेकली आहे हे पाहण्यासाठी संपूर्ण जबड्याचे चित्र किंवा त्रिमितीय स्कॅन काढतात. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया: हिरडी उघडून, हाडाची पातळ खिडकी करून, गाठ आवरणासह सोलून काढणे. मग काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात, आणि ‘तपासायला पाठवले’ या वाक्यानेही पालकांनी हबकू नये. तो नियम आहे, संशय नव्हे. एक्स-रेवर हिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर गाठी असतात, त्यांतील काहींना निराळी वागणूक द्यावी लागते. गाठ पूर्ण निघाली की ती परत उद्भवणे फार विरळ. अडकलेला सुळा बरेचदा पुढे आपणहून उतरतो. नाही उतरला तर त्याला बारीक साखळी लावून तारेच्या साहाय्याने हळूहळू खाली ओढतात. तोंडात अनेक ठिकाणी अशा गाठी निघाल्या, तर मात्र डॉक्टर घराण्यात आतड्याच्या गाठींचा इतिहास आहे का हे विचारतात, कारण गार्डनर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक विकारात त्या एकत्र आढळतात. एकाच गाठीपुरते ते लागू नाही.

भगिनींचा तिसरा प्रश्न राहिलाच होता, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तोच सर्वांत सरळ आहे. आकारान्त परके शब्द मराठीत सहसा पुल्लिंगी होतात: डिप्लोमा झाला, काचबिंदूऐवजी ग्लॉकोमा झाला, म्हणून ओडोन्टोमा झाला. वर मी स्वतः अनेकदा ‘ती’ लिहिले, कारण मनात ‘गाठ’ होती. बोलणारे बहुतेक जण हेच करतात आणि त्यात काही बिघडत नाही. सामान्यरूपात जुनी वस्ती असलेला ‘सोडा’ शब्द ‘सोड्याची बाटली’ असा वाकतो. ओडोन्टोमा अजून पाहुणा आहे, तेव्हा ‘ओडोन्टोम्याची शस्त्रक्रिया’ म्हणू नये, ‘ओडोन्टोमाची’ म्हणावे.