कष्ट दिसतात, काम दिसत नाही

सांगली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या बाजारावर तू केलेल्या फोटोनिबंधाचे फोटो निवांत पाहिले. उजेड तुला कळतो, यात वादच नाही. पत्र्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी हळदीची धूळ, पाठीवर पोतं घेऊन वाकलेला हमाल. स्पर्धेत असे फोटो हमखास लागतात. पण ते पोतं आलं कुठून, चाललंय कुठे आणि मधल्या वाटेवर कोणाच्या खिशात काय पडतंय, हे मला एकाही फोटोतून कळलं नाही. तुझ्या फोटोंत कष्ट दिसतात, काम दिसत नाही.

कष्ट टिपणं सोपं आहे. घाम, सुरकुत्या, भेगाळलेले हात. (भेगाळलेल्या हातांच्या क्लोजअपवर काही वर्षं बंदी घालावी, असं मला अधूनमधून वाटतं.) काम टिपायचं तर ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कॅमेरा पिशवीत ठेवून उभं राहावं लागतं.

सौद्याचंच, म्हणजे हळदीच्या लिलावाचंच घे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत असतो. व्यापारी एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट वाळलेलं असेल तर ते कडक आवाज करत तुटतं. मोडलेली बाजू उजेडाकडे धरून तो आतला रंग बघतो, तुकडा ढिगावर टाकतो आणि भाव बोलतो. शेजारी शेतकरी उभा असतो. लागण, भरणी, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश अशी त्याची सगळी मेहनत त्या घटकेला त्या तुकड्यात आलेली असते. तुझ्याकडे हळकुंडाचा फोटो आहे, व्यापाऱ्याचा आहे, शेतकऱ्याचाही आहे, पण तिघं एका चौकटीत कुठेच नाहीत. मोडलेलं हळकुंड, भाव बोलणारं तोंड आणि शेतकऱ्याची नजर एकत्र पकड. त्यासाठी लांबची लेन्स काढून ठेव, रुंद कोनाची ३५ मिमी लाव आणि घोळक्यात शीर. लेन्स बदलायची ती मात्र शेडच्या बाहेर. हळदीची धूळ एकदा सेन्सरवर बसली की लवकर सुटत नाही.

मग आडत्याकडून शेतकऱ्याला मिळते ती पट्टी. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्या कागदावर असतं. परवानगी घेऊन, नाव झाकून तिचा फोटो काढ. दिसायला रुक्ष, पण निबंधात तो दहा चेहऱ्यांचं काम करतो. हमालांचंही तेच. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना काय मिळालं आणि काय अजून मिळायचंय, हे त्यांच्याकडूनच ऐक. मग त्यांना नुसतं वाकलेलं दाखवावंसं वाटणार नाही.

गोदामात हळद निवडणाऱ्या बायका तुझ्या संचात एकदाच येतात, त्याही पाठमोऱ्या. मी गेलो की त्या पदर सावरून गप्प होतात. तुझ्याशी बोलतील. ही तुझी जमेची बाजू आहे आणि तू ती वापरलीच नाहीस.

आता एक भांडण. हळदीचे फोटो तू काळे-पांढरे केलेस! का? गंभीर दिसावेत म्हणून? छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत काम केलं. भारतातलं जगणं रंगाशिवाय दाखवता येत नाही, यावर ते ठाम होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, व्यापारी हळकुंड मोडून रंगच बघतो, आणि तू नेमका तोच पुसून टाकलास. रंगीत काढताना व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंगसंतुलन, ऑटोवर ठेवू नकोस. सगळी चौकट पिवळी दिसली की कॅमेरा तो पिवळा मारायला बघतो. डेलाइटवर ठेव आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढ.

सांगलीचे फोटो बाहेरच्या जगाने कधी पाहिले? २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा. नावा आल्या, कॅमेरे आले, पाणी ओसरलं, कॅमेरे गेले. बांगलादेशाचंही असंच व्हायचं. पूर आणि उपासमार टिपायला बाहेरून लोक यायचे. आपली गोष्ट आपणच सांगावी म्हणून तिथले छायाचित्रकार शहीदुल आलम यांनी १९८९ मध्ये ढाक्यात ‘दृक’ ही छायाचित्रांची संस्था उभी केली आणि १९९८ मध्ये छायाचित्रणाची ‘पाठशाला’ काढली. तू इथलीच आहेस. पूर नसतानाही तुला इथे राहायचंय. हरिपूरला जा. पूर्वी तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत मोडत गेली. पेव वापरलेली माणसं अजून आहेत. पुराचा हाही एक फोटो आहे, पण तो काढायला हेलिकॉप्टर लागत नाही.

मांडणीबद्दल थोडंच सांगतो. प्रत्येक फोटो जोरकस नको. अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी खेड्यातल्या एका डॉक्टरवर केलेला फोटोनिबंध १९४८ मध्ये ‘लाइफ’ मासिकात आला. त्यात जखमा आहेत, ऑपरेशन आहे. पण लक्षात राहतो तो हातात कॉफीचा कप घेऊन दमून टेकलेला डॉक्टर. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं कामही बघ. ते कामगारांमागे त्यांच्या घरापर्यंत गेले. तुझा हमाल संध्याकाळी पिवळे हात कुठे धुतो?

परवानगीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘काका, काढू ना?’ एवढं विचारलं की झालं, असं तुला वाटतं. हेच स्मिथ १९७१ मध्ये पत्नी आयलीन यांच्यासह जपानमधल्या मिनामाता गावी राहायला गेले. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तिथली माणसं अपंग होत होती. आपल्या आजारी मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. घरच्यांची संमती होती. मुलगी १९७७ मध्ये गेली, फोटो मात्र छापला जातच राहिला. शेवटी आईवडिलांची इच्छा जाणून १९९८ मध्ये आयलीन यांनी तो पुढे छापायला देणं थांबवलं. फोटो चांगल्या हेतूने काढलेला होता, त्याने कामही मोठं केलं होतं, तरीही ‘आता पुरे’ म्हणायचा हक्क घरच्यांचाच होता. निवडणाऱ्या बायकांना आधी सांग की फोटो कुठे लावणार, मोबाइलवर कोणाकोणाला दिसणार. नाही म्हणाल्या तर नाही. आज हो म्हणून चार महिन्यांनी नाही म्हणाल्या, तरी नाही.

आणि प्रिंट नेऊन दे. फोनवर पाठवलेला फोटो हरवतो. चार बाय सहाचा कागद घरात राहतो, आणि पुढच्या वेळी तुला चहासोबत खरी माहिती मिळते.

रविवारी ये. लॅपटॉप नको, छोटे प्रिंट आण. टेबल रिकामं करून ठेवतो, तिथे क्रम लावू. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि समोर काय चाललं होतं ते लिही. ‘श्रमाचे सौंदर्य’ असलं काही लिहू नकोस. बायकांना द्यायचे प्रिंट वेगळ्या पाकिटात ठेव, माझ्या ढिगात मिसळले की मी त्यांच्यावरही खुणा करून ठेवीन.

तुझा,
सर