कारणीभूतमधलं भूत

पार्ल्याच्या एका बाईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत. वक्तृत्व स्पर्धेला विषय आलाय, 'रोमिओ-ज्युलिएटच्या मृत्यूला जबाबदार कोण?' मुलीने भाषणात 'जबाबदार' लिहिलं, आजोबांनी ते खोडून 'कारणीभूत' केलं, शाळेतल्या बाईंनी तेही खोडून 'दोषी' केलं. आई विचारते, तिन्हींचा अर्थ एकच ना? मग ही खोडाखोड कशासाठी?

एकच नाही. 'दोषी' आधी बाजूला काढू. तो निकालानंतरचा शब्द आहे, आणि इथे अजून खटलाच उभा राहायचाय.

'जबाबदार' या शब्दावर मात्र माझा जुना राग आहे. शब्दावर नव्हे, त्याच्या वापरावर. पावसाळा आला की कुठल्या ना कुठल्या वाहिनीच्या पट्टीवर झळकतंच, 'मुंबई तुंबली, भरती जबाबदार.' भरती? तिला पोलीस ठाण्यात बोलावून बाकावर बसवणार आहात? चंद्राला समन्स काढणार? 'जबाबदार'मध्ये 'जबाब' आहे हो, अगदी उघड्यावर बसलाय. अरबी 'जवाब' फारसीतून आपल्याकडे आला आणि आपण 'व'चा 'ब' केला. मग कामाची वाटणी झाली. शाळेत देतात ते उत्तर, ठाण्यात देतात तो जबाब. 'जाब विचारणे'मधला जाब आणि जुन्या कागदांतले जाबसाल हेही त्याच घरातले. पुढचं 'दार' म्हणजे बाळगणारा. दुकानदार, जमीनदार, हवालदार. म्हणजे हवालदाराने ज्याचा जबाब लिहून घ्यायचा तो जबाबदार. ज्याला तोंड नाही तो जबाबदार असू शकत नाही. पाऊस नाही, खड्डा नाही, 'परिस्थिती' तर नाहीच नाही.

'मृत्यूला जबाबदार' ही रचनाही जरा कान देऊन ऐका. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, म्हणजे विधानसभा विचारते आणि मंत्रिमंडळ उत्तर देतं. त्याच चालीने 'मृत्यूला जबाबदार' म्हणजे मृत्यू समोर खुर्ची टाकून बसलाय आणि तुमची उलटतपासणी घेतोय! 'मृत्यूबद्दल जबाबदार' म्हटलं की ही गंमत टळते. पण 'ला' आता इतका रुळलाय की मी त्याच्याशी भांडत नाही. सगळीकडे भांडायला माणसाला दोन आयुष्यं लागतील.

आता शेक्सपिअरचं नाटक. रोमिओ माँटेग्यूंच्या घरातला, ज्युलिएट कॅप्युलेटांच्या, आणि दोन्ही घरांचं जुनं वैर. त्याचा शेवटचा प्रवेश म्हणजे सरळसरळ पंचनामा आहे. थडग्यात तीन प्रेतं, रोमिओ, ज्युलिएट आणि तिच्याशी लग्न ठरलेला पॅरिस. व्हेरोनाचा राजा एस्कलस पहाटे तिथे येतो आणि रडारड थांबवून आधी जबाब घ्यायला लागतो. पहिला जबाब धर्मगुरू लॉरेन्सचा. 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरुवात करतो आणि चाळीसएक ओळी बोलतो. ज्यांनी कधी ठाण्यात बसून कुणाचा जबाब ऐकलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मग रोमिओचा नोकर बाल्थझार, मग पॅरिसचा पोऱ्या. रोमिओने बापाला लिहिलेलं पत्र पुरावा म्हणून वाचलं जातं आणि ते धर्मगुरूच्या जबाबाशी जुळतं. त्याआधी तिसऱ्या अंकातही ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट याच्या खुनानंतर राजा बेन्व्होलिओचा जबाब घेतो, तेव्हा कॅप्युलेटबाई हरकत घेतात की हा माँटेग्यूंचा नातलग, खोटंच बोलणार. साक्षीदार फितूर असल्याचा आरोप चारशे वर्षांपूर्वीही असाच व्हायचा.

या कसोटीने यादी छोटी होते. लॉरेन्स स्वतःच म्हणतो की माझी चूक दिसली तर कायद्याने माझा म्हातारा जीव घ्या. राजा कबूल करतो की तुमच्या भांडणाकडे मी डोळेझाक केली, म्हणून माझेही दोन नातलग गेले. दोन्ही बाप जिवंत आहेत आणि समोर उभे आहेत. हे जबाबदार. बाकी सगळं, लॉरेन्सचं न पोचलेलं पत्र, साथ, औषध, विष, एक दिवस आधी ठेवलेलं लग्न, हे जबाब देऊ शकत नाही. मग या सगळ्याला म्हणायचं काय?

म्हणजे आजोबांनी 'कारणीभूत' घातलं ते उगाच नाही. आता माझ्या आवडीचं.

परवा भाजीची पिशवी घेऊन घरी येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेत आणि त्यावर पाटी, 'रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचे काम प्रगतिपथावर आहे.' प्रगतिपथाचं सोडा, त्या पथावर सध्या मेथी घेऊन चालता येत नाही. पण 'काँक्रीटीकरण' वाचून मी तिथेच उभा राहिलो. काँक्रीट इंग्रजी, करण संस्कृत, आणि मधे ती दीर्घ 'टी'! काँक्रीटचं काँक्रीटी कुणी केलं? कंत्राटदाराने नाही. पाणिनीने केलं.

त्याच्या संस्कृत व्याकरणाच्या, म्हणजे अष्टाध्यायीच्या, पाचव्या अध्यायात, चौथ्या पादात पन्नासावं सूत्र आहे. त्यात 'च्वि' नावाचा प्रत्यय सांगितलाय. कृ, भू, अस् या धातूंच्या संगतीत तो लागतो, आणि त्याचा अर्थ पाणिनीच्या सूत्रांवर टिपा लिहिणाऱ्या वार्तिककाराने एका शब्दात सांगितलाय, 'अभूततद्भाव'. जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. नेहमीचं उदाहरण शुक्लीभवन. कापड पांढरं नव्हतं, पांढरं झालं. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर रोज चालतं ते. रस्ता रुंद नव्हता, आता करतोय, म्हणून रुंदीकरण. देह राख नव्हता, झाला, म्हणून भस्मीभूत. आणि 'स्वीकार'सुद्धा! स्व नव्हतं ते स्व करणं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. घरच्यांनी चौथ्या वेळेला जेवायला वाढलं आणि गप्प केलं.

आणखी मजा पुढे आहे. हा च्वि प्रत्यय लागतो आणि लागल्या लागल्या संपूर्ण नाहीसा होतो. च् जातो, व् जातो, इ जाते, एकही अक्षर उरत नाही. मागे राहते फक्त एक खूण, मूळ शब्दाच्या शेवटच्या 'अ'ची झालेली दीर्घ 'ई'. येतो, काम करतो, पसार होतो आणि उंबरठ्यावर तेवढा एक ठसा सोडून जातो. म्हणूनच 'शुद्धिकरण' अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. ऱ्हस्व लिहिलंत म्हणजे एकमेव पुरावा पुसून टाकलात.

तर कारणीभूत. कारण नव्हतं, कारण झालं. यातलं भूत पिंपळावरचं नव्हे, 'भू'चं 'झालेलं'. आणि आता हा शब्द घेऊन नाटक बघा.

लॉरेन्सने ज्युलिएटला बेचाळीस तास मेल्यासारखं झोपवणारं औषध दिलं. ते तिला वाचवायला दिलं होतं. ते मृत्यूचं कारण नव्हतं, झालं. रोमिओ त्याचा मित्र मर्क्युशिओ आणि टिबल्ट यांच्या मधे पडला, भांडण सोडवायला. त्याच्या हाताखालून टिबल्टची तलवार आली आणि मर्क्युशिओ गेला. सोडवणूक कारण नव्हती, झाली. कॅप्युलेटने पोरीची समजूत पटलेली पाहून खुशीत लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं. बापाचा आनंद, पण त्या एका दिवसाने औषध एक रात्र आधी प्यायलं गेलं आणि पत्राला मिळायचा वेळ तेवढा कमी झाला. आणि ते पत्र, ज्युलिएट खरी मेलेली नाही हे मांटुआला हद्दपार झालेल्या रोमिओला कळवणारं. ते घेऊन निघालेला जॉन नावाचा धर्मबंधू सोबतीला दुसरा एक बंधू शोधत एका घरी थांबला. तो बंधू आजाऱ्यांची विचारपूस करत होता. शहराच्या तपासनिसांना संशय आला की त्या घरात साथ आहे. त्यांनी दारं बाहेरून बंद केली. पत्र मांटुआला गेलंच नाही, आणि संसर्गाच्या भीतीने ते परत पोचवायलाही कोणी मिळेना.

हा प्रसंग मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. 1896 साली मांडवीत प्लेग निघाला तेव्हापासून सील केलेलं घर या शहराच्या आठवणीत आहे, आणि 2020 साली तर आपल्यातल्या कित्येकांच्या इमारतीच्या फाटकाला बांबू बांधलेले होते. बरं, 'क्वारंटाइन' म्हणजे इटालियनमधले चाळीस दिवस. मांटुआच्या औषधविक्याने रोमिओकडून विषाचे चाळीस डुकाट, म्हणजे तिकडची नाणी, घेतले. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण इटलीत चाळीस आकडा दिसला की मी सावध होतो.

या औषधविक्याचं काय? तो म्हणतो, माझी गरिबी तयार आहे, माझं मन नाही. वक्तृत्वाला हे वाक्य जरूर घ्या, टाळ्या मिळतील. तो जबाबदार की कारणीभूत? राजाने त्याचा जबाब घेतलेला दिसत नाही. मी त्याला दोन्हीकडे ठेवतो आणि पुढे जातो.

आता इथे दुसरा एक शब्द आणावाच लागतो, 'कारणभूत'. ई नाही. हाही शब्द आहे, आणि बहुतेक लोक त्याला कारणीभूतचं मुद्रणदोषाने झालेलं रूप समजतात. तो साधा समास आहे, कारण असलेलं. तिथे च्वि आलाच नाही. म्हणजे जे पहिल्यापासूनच कारण होतं ते कारणभूत, आणि जे कारण होऊन बसलं ते कारणीभूत. नाटकात पहिल्यापासून कारण असलेली गोष्ट एकच आहे, दोन घरांचं जुनं वैर. ते कशावरून पडलं हे नाटक सांगतच नाही. पडदा उघडायच्या आधीपासून ते आहे. वैर कारणभूत. पत्र, साथ, औषध, तारीख कारणीभूत. म्हातारे जबाबदार. तीन शब्द, तीन खाती, आणि औषधविक्या सोडला तर कुणालाही दुसऱ्याच्या खात्यात बसवता येत नाही. माझ्या मते शेक्सपिअरने हे नाटक च्वि डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलंय. त्याला संस्कृत येत नव्हतं, हा तपशिलाचा भाग.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्यात एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक येतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अहो, मराठीत तो अर्थ मेलाय. लोक कारणीभूत म्हणतात तेव्हा त्यांना फक्त 'कारण' म्हणायचं असतं, जरा भारदस्त. पाणिनी कुणाच्या डोक्यात असतो?" मी त्यांना समोरच्या रस्त्यावरची पाटी दाखवली. म्हटलं, सर, 'रुंदीकरण' वाचून कोणाला वाटतं का, की रस्ता आधीच रुंद होता? नाही वाटत. मग अर्थ मेला कुठे? पाणिनी डोक्यात नसेल, जिभेवर आहे. सरांनी विषय बदलला. ते हरले असं मी म्हणत नाही, पण विषय त्यांनी बदलला.

दुसरं भांडण आर्थर ब्रूक या इंग्रज कवीशी. हा फार जुना आहे, 1562 चा. त्याच्या दीर्घकवितेवरून शेक्सपिअरने नाटकाची गोष्ट घेतली. ब्रूकने प्रस्तावनेत सरळ पोरांनाच दोषी ठरवलंय. वासनेच्या आहारी गेली, आईवडिलांचं ऐकलं नाही, चहाडखोर बायका आणि धर्मगुरू यांच्या नादी लागली. गंमत म्हणजे आत कवितेत तो त्यांच्याविषयी इतका कठोर राहत नाही. प्रस्तावना एक बोलते, कविता दुसरंच. शिवाय त्याच्या कवितेत ही गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवार एवढ्यात कोंबली. वेळ एवढा आवळला की कुठलीही गोष्ट कारण होऊन बसते, घटकाभराचा उशीरसुद्धा. रोमिओ विष पितो आणि जरा वेळाने ती जागी होते. ज्युलिएट अजून चौदाचीही नाही. शाळेतल्या बाईंनी 'दोषी' लिहिताना कोणाला डोळ्यांपुढे धरलं होतं ते कळेल का? ब्रूकची प्रस्तावना असेल तर मग ती ओळ मी खोडतो.

तर मूळ प्रश्न. तीन शब्द वेगळे आहेत, विषयाच्या शीर्षकात 'जबाबदार' बरोबर आहे, आणि आजोबांनी 'कारणीभूत' ठेवलंय तेही बरोबर, फक्त माणसांना लावू नका, वस्तूंना आणि प्रसंगांना लावा. दोन्ही बाप, लॉरेन्स आणि राजा आले की 'जबाबदार' लिहा. मुलीला सांगा, 'कारणीभूत' म्हणताना 'णी' नीट दीर्घ म्हण.

तुमचं पत्र आत्ता पुन्हा वाचलं. भाषणाला वेळ तीन मिनिटं आहे हे तुम्ही खाली लिहिलं होतं, ते मघाशी निसटलं. मग साथ, औषधविक्या, ब्रूक, सगळं कापा. च्विही गाळा. तो तसाही गळतोच.