हिरव्यावर निळा, निळ्यावर लाल

प्रश्न : माझी १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप वरून लाल आहे. घासली तर खाली निळा आणि त्याखाली हिरवा निघाला. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा उल्लेखच नाही. कारखान्यातला रंग कोणता?

उत्तर : पट्टीचा नाद सोडा. त्या काळच्या शेव्हरोले ट्रकच्या पट्टीवर अनुक्रमांक आणि वजनाची मर्यादा मिळते, रंगाचा कोड नाही. (फोर्डवाले सुखी! १९६५ च्या फोर्ड पिकअपच्या पट्टीवर ‘एम’ दिसला की रंग विम्बल्डन व्हाइट, विषय संपला.)

तुमचा हिरवा बहुधा फॉरेस्टर ग्रीन. गिऱ्हाइकाने दुसरा रंग मागितला नाही, तर तेव्हा हाच लागायचा. पण बॉनेटवरून निकाल देऊ नका, तिथला रंग उन्हाने विटलेला असतो. केबिनमध्ये सीटमागची पेट्रोलची टाकी उतरवा. तिच्या मागच्या पत्र्यावर पुढच्या रंगाऱ्यांचा हात सहसा पोचलेला नसतो. तिथली नाण्याएवढी जागा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. आधी रंग, मग प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मग पत्रा अशी कडी उमटेल. प्रायमरला लागून असलेला रंग मूळचा. रंग जुळवून घ्यायला नमुना तिथलाच द्या.

आणि कृपा करून वर क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर) चढवू नका. मूळ इनॅमलला ती काचेसारखी चकाकी नव्हतीच. कामाच्या गाडीवर ती उपरीच दिसते. सिंगल-स्टेज रंग मागा, म्हणजे वर क्लिअरकोट लागत नाही असा.