चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालं, तर संसर्ग टाळायला अँटिबायोटिक घ्यावं का?

हो, घ्यावं, आणि बाळ झाल्यावर सहा तासांच्या आत शिरेतून दिलेला एकच डोस पुरतो. ब्रिटनमधल्या 27 रुग्णालयांत 3,400 हून जास्त बायकांवर झालेली ‘अ‍ॅनोड’ चाचणी 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी 11 टक्के जणींना संसर्ग झाला, नुसतं सलाईनचं पाणी टोचलेल्यांपैकी 19 टक्के. टाके उसवणं, बसताना ठणकणं हेही कमी. बाळंतिणीला तेच जास्त छळतं! मात्र पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर हे औषध चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा. आणि डोस मिळूनही ताप आला किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.