ताण पडलेल्या भाताला डीएपीची बॅग नको

प्रश्न (पवन मावळातील शेतकरी): साहेब, पंधरा दिवस पाऊस उघडला आणि खाचरं तडकली. आता चार दिवस झाले पाणी भरलंय, तरी इंद्रायणी भात काळपट हिरवं दिसतंय, फुटवा थांबलाय. दुकानदार म्हणतो एकरी एक बॅग डीएपी फोका. फोकू का? भातामागचा हरभराही दरवर्षी वाढ खुंटून बसतो.

उत्तर: नका फोकू. भाताला स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी 50 किलो, म्हणजे एकरी 20 किलो, आणि तेही सगळं लावणीलाच. डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत, त्याच्या 50 किलोच्या एका बॅगेत 23 किलो स्फुरद असतं. लावणीला मात्रा दिली असेल, तर दुकानदार तुम्हाला अख्ख्या पिकाचं स्फुरद दुसऱ्यांदा विकतोय.

भात काळपट पडलंय ते स्फुरद मिळत नाही म्हणून, पण खाचरात स्फुरद आहे, फक्त अडकलंय. एक चूड (एका जागी लावलेली रोपं) उपटून पाटात धुवा. मुळांवर विटकरी थर दिसेल, तो लोहाचा गंज. आपल्या तांबड्या जमिनीत लोह भरपूर. पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते, गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं स्फुरद मोकळं होतं. भेगांतून हवा शिरली की लोह पुन्हा गंजतं, आणि हा ताजा गंज स्फुरद आधीपेक्षा घट्ट धरतो. म्हणून आता दोनेक आठवडे 5 सेंटिमीटर पाणी टिकवा. बांधातली खेकड्यांची बिळं आजच बुजवा. पांढरी मुळं फुटली की फुटवा सुरू होईल.

पाणी आल्याआल्या बांध फोडू नका. वाळलेली माती भिजली की तिच्यातल्या मेलेल्या सूक्ष्म जीवांचं स्फुरद पाण्यात उतरतं. तुमच्या भाताचं हे खत ओढ्याने पवनेत जाऊन जलपर्णी पोसतं.

पानांवर तपकिरी ठिपके असतील तर ती पानं घेऊन कार्यालयात या. ती जस्ताची कमतरता असू शकते किंवा लोह जास्त झाल्याची बाधा. जस्त कमी असताना जादा स्फुरद म्हणजे आगीत तेल. पुन्हा सांगतो, उभ्या भातात डीएपी नको.

पुढच्या हंगामात चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांची भात लागवड पद्धत, करा. मी दर खरिपात हेच सांगतो, कारण ताणाच्या वर्षी फरक डोळ्यांना दिसतो. चिखलणीआधी गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला गाडा. लावणीनंतर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात. वरचा थर तडकला तरी त्या खोलीवरचा चिखल बराच काळ ओला राहतो. गोळ्या वरून फेकल्या तर पैसे वाया.

हरभऱ्याचं दुखणंही हेच. भात निघून जमीन वाळली की स्फुरद पुन्हा अडकतं. तिथे एकरी एक बॅग डीएपी योग्य आहे, पण पेरतानाच, पाभरीने, बियाण्याखाली. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळा, सावलीत सुकवा. पिवळा पडल्यावर फोकलेलं डीएपी मुळापर्यंत पोचत नाही.

मृद आरोग्य पत्रिकेसाठी सातबारा घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. अहवालात स्फुरद ‘कमी’ आलं की दुकानदार तोच कागद पुढे करून बॅग खपवतो. त्याला सांगा, हा आकडा वाळवलेल्या मातीचा आहे, भरल्या खाचराचा नाही.