वाचकांचे प्रश्न: मैफिलींच्या जुन्या टेप जपताना

विद्यापीठांचे संगीत विभाग, कॉलेजांची ग्रंथालयं आणि मैफिलींचे स्पूल (चकतीवर गुंडाळलेल्या उघड्या टेप) घरी सांभाळणारे श्रोते यांच्याकडून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागात मैफिलींचे १२० स्पूल आणि ९० मिनिटांच्या ४०० कॅसेट आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या मदतीने सगळं एमपी३मध्ये उतरवायचा विचार आहे. जमेल का?
*एक प्राध्यापिका, कोल्हापूर*

एका सुट्टीत जमणार नाही, आणि एमपी३मध्ये तर करूच नका.

आधी वेळेचा हिशेब. कॅसेटचे ६०० तास, स्पूलचा सरासरी एक तास धरला तर १२०, एकूण ७२० तास. टेप ज्या वेगाने वाजते त्याच वेगाने उतरवावी लागते. शिवाय ती तपासणं, यंत्र साफ करणं, जुळवणं, नोंदी लिहिणं. एका तासाच्या टेपला तीन तास धरा. म्हणजे २,१६० तास. एक माणूस रोज सहा तास बसला तरी कामाचे ३६० दिवस होतात. दोन यंत्रं आणि दोन माणसं असतील तर नऊ-दहा महिने. विद्यापीठाकडे निधी मागताना हाच हिशेब मांडा, कारण खरा खर्च डिस्कचा नसून माणसांचा आणि यंत्रदुरुस्तीचा असतो.

फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारची (आवाजातलं काहीही न टाकणारी), ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ हीच शिफारस करते, आणि ४८ किलोहर्ट्‌झच्या खाली जाऊ नका असं सांगते. या मापाने दोन चॅनेलच्या एका तासाला सुमारे २.०७ गिगाबाइट लागतात. तुमचा सगळा संग्रह दीड टेराबाइटमध्ये मावेल, तीन प्रती धरून साडेचार. साध्या वेव्ह फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असते, म्हणजे दोन तास आणि वर चार मिनिटं. एका बाजूची एक फाइल ठेवली की ही अडचण येतच नाही. एमपी३ लहान होते ती आवाजातला काही भाग कायमचा टाकून देऊन. ऐकण्यासाठी ती जरूर द्या, पण मूळ वेव्ह फाइलवरून काढून.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसून काम करू नका. टेपचा आवाज डिजिटल करणारा चांगला बाहेरचा कन्व्हर्टर घ्या. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. मैफिलीत तो गाण्यापेक्षा टाळ्यांचा किंवा डग्ग्याचा असण्याची शक्यता जास्त, म्हणून पातळी ठरवताना नुसता आलाप ऐकून ठरवू नका.

सर्वांत जास्त चुका होतात त्या हेडच्या, म्हणजे टेपवरचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या, कोनात, ज्याला तंत्रज्ञ अ‍ॅझिमथ म्हणतात. चारशे कॅसेट वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या असणार, आणि प्रत्येक यंत्राच्या हेडचा कोन किंचित वेगळा. कॅसेटचा वेग सेकंदाला अवघा ४.७६ सेंटिमीटर, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही वरचे स्वर बोथट होतात आणि तंबोऱ्याची जवारी विझल्यासारखी वाटते. दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र ऐका आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवत आवाज सर्वांत उजळ होतो तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, आणि बाजू बदलली की पुन्हा करायचं. म्हणूनच एकदम चार डेक लावून वेळ वाचवण्याची कल्पना मैफिलींच्या कॅसेटना मानवत नाही.

स्पूलच्या बाबतीत आधी पट्टा, म्हणजे टेपच्या किती रुंदीत आवाज भरला आहे ते, ओळखा. एकाच दिशेने भरलेली पूर्ण रुंदीची टेप, अर्ध्या रुंदीची की पाव रुंदीची? अर्ध्या पट्ट्याची टेप पाव पट्ट्याच्या यंत्रावर लावली तर हेडला रुंदीचा थोडाच भाग मिळतो आणि खरखर वाढते. वेग सहसा सेकंदाला १९ किंवा ९.५ सेंटिमीटर असतो. सात इंची साध्या स्पूलवर १२०० फूट टेप बसते आणि १९च्या वेगाने एका बाजूला साधारण अर्धा तास मिळतो.

काही स्पूलना आंबट वास येतो. काही वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकट थर बसतो. दोन्हींना ओव्हनमध्ये तापवावं असं कुणीतरी सुचवलं. तापवू का?
*ग्रंथपाल, नागपूर*

हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला कायमचा मारू शकतो.

आंबट वास येणारी टेप जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची. स्पूल दिव्यासमोर धरून बाजूने पाहिलं तर गुंडाळलेल्या टेपमधून प्रकाश झिरपतो. पॉलिस्टर तसा दिसत नाही. अ‍ॅसिटेट तुटलं तर कट्‌कन सरळ तुटतं, पॉलिस्टर आधी ताणलं जातं. अ‍ॅसिटेट विघटित होताना व्हिनेगरचं आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं, म्हणून एकदा वास सुरू झाला की तो वाढतच जातो. शेजारच्या टेपनाही त्याची झळ लागते. अशा स्पूल आजच वेगळ्या खोलीत, थंड आणि कोरड्या जागी हलवा, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, आणि उतरवण्याच्या यादीत सर्वांत वर घ्या. अ‍ॅसिटेट कधीही तापवायचं नाही. ते आक्रसतं, कडक होतं, कडा वळतात आणि मग हेडला टेकतच नाही.

चिकट थर सोडणारी टेप बहुधा १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बनलेली, मागच्या बाजूला काळा खरखरीत लेप असलेली पॉलिस्टर टेप असते. चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेन बाइंडर हवेतलं पाणी शोषतो आणि त्याचं विघटन होतं. अ‍ॅम्पेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ या टेपची ही अडचण जगभर नोंदली गेली आहे. चिकटपणा दिसताक्षणी यंत्र थांबवा. ‘एवढी बाजू संपू दे’ म्हणून चालू ठेवलं तर हेडवर जो तपकिरी थर साचतो, तो म्हणजे खरवडून निघालेलं गाणंच असतं.

अशी टेप ५० ते ५४ अंश सेल्सियसवर सुमारे आठ तास ठेवली तर बाइंडर तात्पुरता सावरतो. प्रयोगशाळेतला इनक्युबेटर हवा. विद्यापीठात असाल तर सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे तो असतोच. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, कारण त्याचं तापमान बरंच वरखाली होतं, आणि मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. मधे एकदा स्पूल उलटी करा, नंतर तितकाच वेळ खोलीच्या तापमानाला निवू द्या आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्या. नंतर चिकटपणा परत येतो.

किंचाळणारी प्रत्येक टेप या जातीची नसते. मागे लेप नसलेल्या काही टेपमधलं वंगण संपलेलं असतं आणि त्यांना तापवून काही मिळत नाही. शंका असेल तर कमी महत्त्वाच्या एका स्पूलवर पाहा. प्रत्येक स्पूलनंतर हेड आणि धातूचे मार्गदर्शक खांब ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल टाळा, रबर तडकतं.

सॉफ्टवेअरने खरखर काढली, तर तंबोराही गेला. काय चुकलं?
*संगीताचा विद्यार्थी, पुणे*

गाणं सुरू होण्याआधीचे काही सेकंद तुम्ही ‘नुसता गोंगाट’ म्हणून सॉफ्टवेअरला नमुना दिले असणार. त्या सेकंदांत तंबोरा वाजत होता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सतत, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाटच, म्हणून त्याने षड्ज-पंचम आणि त्यांचे सगळे वरचे अंश कापून टाकले. नमुना घ्यायचा तो टेपच्या अशा तुकड्यातून, जिथे माइक बंद आहे पण टेप फिरते आहे. तसा तुकडा नसेल तर खरखर राहू द्या. हिंदुस्थानी संगीतात ती परवडते, तंबोऱ्याशिवायचं गाणं परवडत नाही.

हे प्रयोग फक्त ऐकण्याच्या प्रतीवर करा. मूळ फाइलमध्ये काहीही कापायचं नाही. तबला लावताना लागलेली पाच मिनिटं, दोन चिजांमधलं बोलणं, निवेदकाने सांगितलेली तारीख हे सगळं तसंच राहू द्या. विलंबित ख्यालाच्या मधोमध स्पूल बदलल्याने पडलेली फटही जोडू नका. त्याच मैफिलीची दुसऱ्या कुणी भरलेली टेप पुढे हाती आली, तर न जोडलेल्या फाइलवरून ती फट प्रामाणिकपणे भरून काढता येईल.

एका मैफिलीत षड्ज काळी एकपासून हळूहळू पांढरी दोनपर्यंत चढतो. गायकाने पट्टी बदललेली नाही. मग हे कसं?
*एक वाचक, ठाणे*

ध्वनिमुद्रण बॅटरीवरच्या यंत्राने केलं असेल तर बॅटरी उतरत गेली. टेप हळू फिरली आणि आज नेमक्या वेगाने वाजवताना स्वर वर जातो. काळी एक ते पांढरी दोन हा एक अर्धस्वर, म्हणजे वेगात जवळपास ६ टक्क्यांचा फरक.

पुरावा टेपमध्येच शोधा. माइकच्या वायरीत सभागृहाच्या विजेची घरघर अनेकदा शिरलेली असते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. स्पेक्ट्रम (आवाजातल्या वारंवारता दाखवणारा आलेख) पाहिला आणि ही रेघ शेवटाकडे ५३वर सरकलेली दिसली, तर चढलेला अर्धस्वर यंत्राचा आहे हे कळतं. पण जुन्या काळात वीजजाळ्यावरचा भार वाढला की वारंवारता ४९च्या खालीही उतरत असे. म्हणून हा आकडा अंतिम मानू नका, तंबोरा आणि पेटीशी ताडून पाहा. पेटीचा स्वर मैफिलीच्या मधे आपोआप चढत नाही. दुरुस्ती ऐकण्याच्या प्रतीत करा आणि किती टक्के, कशाच्या आधारे केली ते नोंदीत लिहा. पुढच्या अभ्यासकाला तुमचा अंदाज तपासता आला पाहिजे.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?
*शिक्षक, सांगली*

नाही. त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. शुद्ध केलेलं पाणी, त्यात सौम्य नॉन-आयॉनिक साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसा, लगेच टिपा. कागदी लेबल भिजू देऊ नका. एलपीची सुई वापरू नका. ती फार बारीक असते आणि खाचेच्या तळाशी घासत जाते. या तबकड्यांना साधारण ७५ मायक्रॉनची लागते, आणि दोन-तीन मापांच्या सुया लावून पाहिल्या तर जुन्या पोलादी सुईने न झिजवलेला खाचेचा भाग सापडतो. कार्ट्रिज स्टिरिओ ठेवा आणि खाचेच्या दोन्ही भिंती वेगळ्या उतरवा, बरी कोणती ते नंतर ठरवता येतं. शेवटचे सेकंद कापू नका. सुरुवातीच्या काळातले बरेच कलाकार तिथे स्वतःचं नाव सांगत.

आमच्याकडे पावसाळ्यात कॅसेटना बुरशी धरते. एसी लावला तरी उपयोग होत नाही.
*कॉलेज ग्रंथालय, रत्नागिरी*

एसी दिवसा चालू आणि रात्री बंद असणार. थंड झालेल्या टेपवर रात्रीची दमट हवा आली की पाणी धरतं, त्यापेक्षा एसी नसलेला बरा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. तुम्हाला ती ४० ते ५०च्या दरम्यान, दिवसरात्र एकसारखी हवी. त्यासाठी लहान खोली, चोवीस तास चालणारं आर्द्रताशोषक यंत्र आणि भिंतीवर दीड-दोनशे रुपयांचा नव्हे, तर खात्रीचा आर्द्रतामापक घ्या. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका. टेप पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, लाउडस्पीकरपासून दूर.

बुरशी आलेली कॅसेट वाजवू नका. यंत्रातून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळी काढा, कोरड्या हवेत बुरशी सुकून भुकटी होऊ द्या, मग एन-९५ मास्क लावून, हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमजवळ मऊ ब्रशने झटका. डबी स्क्रूची असेल तर टेप नव्या डबीत बसवा. त्याच वेळी टेप हेडवर दाबून धरणारी इवलीशी फेल्टची गादी जागेवर आहे का पाहा. ती गळली की आवाज बसतो आणि लोक टेपलाच दोष देतात. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते, ती सहज गुंतते. त्या आधी उतरवा.

वडिलांनी भरलेल्या खासगी बैठकांचे स्पूल विद्यापीठाला द्यायचे आहेत. काय लिहून घ्यावं? दोन स्पूलवर काहीच लिहिलेलं नाही.
*एक वाचक, मुंबई*

लेखी करार करा आणि त्यात या गोष्टी स्पष्ट असू द्या: मूळ स्पूल कुणाच्या ताब्यात राहणार, तुम्हाला डिजिटल प्रत मिळणार का, विभागात बसून कोण ऐकू शकेल, प्रत कुणाला देता येईल, इंटरनेटवर टाकायचं की नाही, आणि विद्यापीठाला सांभाळणं जमेनासं झालं तर संग्रह कुणाकडे जाईल. शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतं. ते आग्रहाने घाला. विद्यापीठाबाहेरचा पर्याय हवा असेल तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं गुरुग्राम इथलं संगीतसंग्रह केंद्र १९८२ पासून हेच काम करतं आहे.

स्पूल तुमच्या मालकीचे असले तरी त्यांतलं गाणं तुमच्या मालकीचं होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षारंभापासून ५० वर्षं चालतो. सादरकर्त्यांत तबला, पेटी, सारंगीचे साथीदारही येतात. परवानगीपत्रांत त्यांनाच सर्वांत जास्त वेळा विसरलं जातं. २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करायची मुभा दिली. विभाग त्या व्याख्येत बसतो का आणि जुन्या बैठकांना कोणता नियम लागतो, हे विद्यापीठाच्या कायदा सल्लागाराकडून लेखी घ्या. जतन करणं आणि प्रसारित करणं यांची परवानगी वेगवेगळी मागा.

देण्याआधी घरी स्पूल वाजवून पाहू नका, भरभर गुंडाळूही नका. प्रत्येक खोक्याचा, आतल्या चिठ्ठीचा, स्पूलवरच्या अक्षरांचा फोटो काढा. खोक्यावरची तारीख मैफिलीचीच असेल असं नाही. पुष्कळदा ती प्रत काढल्याची असते, म्हणून नोंदीत ‘खोक्यावरील तारीख’ असंच लिहा. गायक, साथीदार, राग, ताल, बंदिशीचा मुखडा, जागा, यंत्र असे वेगळे रकाने करा, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुणी दिली ते लिहा. रागाबद्दल शंका असेल तर रकाना रिकामा सोडा. एकदा चुकीचा राग लिहिला गेला की तो वर्षानुवर्षं पुढे नकलला जातो.

न लिहिलेल्या दोन स्पूलना तात्पुरते क्रमांक द्या आणि विभागाला ते सर्वांत आधी उतरवायला सांगा. ती बैठक ओळखू शकेल असा श्रोता आज ऐंशीच्या घरात असणार. त्यांना ऐकण्याची प्रत ऐकवा आणि ते जे सांगतील तेही ध्वनिमुद्रित करून त्याच क्रमांकाखाली ठेवा.