चतुर्थीचे मोदक आणि मनाचा लगाम

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा वर्षांची शुगर, बिनसाखरेचा चहा, सकाळचं चालणं, सगळं नेमाने. पण चतुर्थीला एक मोदक खाल्ला की 'आज मोडलंच आहे' म्हणत आणखी तीन, तेही रात्री ओट्याशी उभं राहून. दुसऱ्या दिवशी शुगर मोजायच्या मशीनला हात लावत नाही, प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहता. यजमान म्हणतात, तुझ्या मनाला लगाम नाही. आता रक्ताच्या एचबीएवनसी तपासणीत 8.4 आलं, डॉक्टर इन्सुलिनचं बोलले, आणि तुम्ही नापास झाल्यासारख्या रडलात.

'मोडलंच आहे' हे उपवासाचं गणित आहे. चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेला की उपवास सुटला, मग जेवायला मोकळे! शुगरला हे गणित कळत नाही. तिच्या लेखी एक म्हणजे एक, चार म्हणजे चार.

रात्री अकराला, दमलेल्या अवस्थेत, डबा समोर असताना कुणाचा निग्रह टिकतो? माझा तर नाहीच. मोदक दुपारी सगळ्यांत बसून, ताटात वाढून खा. पारीही तांदळाचीच, तेवढा भात कमी घ्या. उरलेले संध्याकाळीच शेजारी पोचवा.

नेमकी दुसऱ्या दिवशी मशीन लावा. आकडा आणि आदल्या दिवशीचं खाणं वहीत लिहा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. एचबीएवनसी एका चतुर्थीचा निकाल नसतो. ती तपासणी रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते.

प्रायश्चित्त मात्र आजपासून बंद. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलात, तर शुगर 70 च्या खाली जाऊन चक्कर येऊन पडू शकता.

इन्सुलिनबद्दल एवढंच सांगते, की टाइप टू मधुमेहामध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षांगणिक कमी होत जाते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात तर निदानाच्या वेळीच ती जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. औषध वाढलं ते तुमच्या मनाच्या कच्चेपणामुळेच, असं म्हणायला काही आधार नाही. सुरू कधी करायचं, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

रात्री जेवल्यावरही पंधरा मिनिटं चालत जा, स्नायू तेव्हा रक्तातली साखर वापरतात. यजमानांना म्हणावं, लगामाचं नंतर बघू, आधी चपला घाला.

तुमची,
मावशी